स्मरणाचे साधन आणि मद्यपान

परमार्गातील आचारात स्मरण हा मुख्य विधी होय. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण जीवाने करावयाचे, आणि ते या मनुष्यदेहाच्या आधारानेच करावयाचे. इतर योनींत हे आचरण घडत नाही. देह हा प्रपंचातील, नाशिवंत, हे खरे. परंतु तो आहे तोवरच साधकाला अवसर आहे. म्हणून स्मरणाचे स्थूल साधन जो मेंदू, तो कशाने नासतो, हा प्रश्न एकट्या वैद्याचा नसून साधकाचाही ठरतो.

पंथाचा आद्य ग्रंथच स्मरणातून उभा राहिला आहे. सर्वज्ञांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांच्या व इतर भक्तांच्या मुखातून एकेक लीळा मिळवली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा भक्तांनी आठवणीतूनच लीळा पुन्हा सांगितल्या. आठवणीत भेद पडला तेथे 'वासना' म्हणून तो भेदही नोंदवला गेला. आपल्या मनचे काही मिसळू नये, हा केवढा कटाक्ष! ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

उपदेश घेताना मद्यमांसाचा त्याग करावयाचा, हे प्रत्येक नामधारकास ठाऊक असते. तरीही १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात हा विषय पुनःपुन्हा निघतो, यास कारण आहे. नीळभट भांडारेकरांसारख्या भक्ताच्या नावाने पंथात परिचित असलेल्या भंडाऱ्याचाच हा पूर्वभाग. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या जंगलपट्ट्यात फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाच्या झाडाखाली बायामुले टोपल्या घेऊन बसलेली दिसतात. हे फूल गरिबाचे अन्न आहे; वाळवून ते वर्षभर पुरवले जाते, विकून मीठमिरची येते. झाडाकडे यात कोणताही दोष नाही. दोष त्या फुलांना सडवून भट्टीवर चढवल्यानंतरचा आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, गोंदियात ती नाही. पण कायदा असो वा नसो, घशाखाली उतरलेल्या पदार्थाचे पोटातील कार्य दोन्हीकडे सारखेच चालते.

येथे अशी शंका घेतली जाते की, मोहाची दारू झाडापासून झालेली, निर्भेळ, अंगास मानवणारी. वाईट ती विलायती. समाधान असे की, मोहाची काय, उसाच्या मळीची काय, वा उंची बाटलीतली काय, त्यातील मादक द्रव्य एकच. यकृत त्याचे ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करते, आणि मग ते विष निस्तरण्यात त्याची शक्ती खर्ची पडते. दुसरी शंका प्रमाणाची: थोडी घेतल्याने काय होते? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, आरोग्यास निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. मुख, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध आहे. मद्यासोबत खर्रा किंवा बिडी असली म्हणजे मुखाचा व घशाचा धोका कित्येक पटींनी चढतो. आणि विदर्भात ती नसते कधी?

विषारी दारूचे लोकांना भय वाटते. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे अशा दारूने दगावली, तेव्हा सारे राज्य हादरले. परंतु 'चांगल्या' दारूने वीस वर्षांत जाणाऱ्याची कोणी गणना करीत नाही. त्याच्या यकृतात प्रथम चरबी साचते. दुखत नाही, खुपत नाही. माणूस रोवणी करतो, राइस मिलमध्ये पोती वाहतो, आणि आपल्याला काहीच झाले नाही असे समजतो. मग सूज येते, यकृतात तंतू वाढतात, ते निबर व गाठाळ होते. कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी ही लक्षणे दिसतात तोवर बहुतेक वाट सरलेली असते. अहिंसेचे व्रत घेतलेल्या जिवाने मुंगी वाचवून चालावे आणि स्वतःच्या देहाची अशी संथ हिंसा करावी, ही विसंगती नव्हे काय?

आता मुख्य विषय. मेंदूला थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, अत्यावश्यक असते. मद्य आतड्यातून त्याचे शोषण घटवते आणि यकृतातील त्याचा साठाही कमी करते. गोंदिया भाताचा जिल्हा. पण गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करताना हे जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते. उकडा तांदूळ यात बरा. पिणाऱ्याचे जेवण आधीच तुटलेले, आणि ताटात आला तर तो पॉलिश केलेल्या तांदळाचा भात. या अभावातून जी स्मृतिहानी होते तिचे वर्णन रशियन वैद्य कोर्साकोव्ह यांनी १८८७ साली केले. अशा रोग्याला जुने पुष्कळसे आठवते, नवे टिकत नाही. लहानपणी मिळालेले नाम त्याच्या ओठी असेल, पण सकाळी ऐकलेली लीळा दुपारी त्याला नवीच वाटते. आणखी भयंकर असे की, आठवणीतली रिकामी जागा तो आपल्या कल्पनेने भरतो, न घडलेले घडले म्हणून सांगतो, आणि आपण खोटे बोलत आहो याची जाणीवही त्याला नसते. ज्या परंपरेने एकेका शब्दाची 'वासना' जपली, तिच्या अनुयायाची ही दशा!

हे ऐकून एखादा वासनिक त्याच दिवशी सोडण्याची प्रतिज्ञा करतो. प्रतिज्ञा योग्यच, पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर काही तासांतच हात कापू लागतात, झटका येऊ शकतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ताप, दरदरून घाम, भ्रम, नसलेले साप-किडे दिसणे, नसलेल्या माणसांशी बोलणे, असा उपद्रव काहींना होतो. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. कोणी देवऋषीकडे धावतो, कोणी त्याला थेट स्थानावर आणून बसवतो. हा देवतेचा संचार नव्हे, मद्य तुटल्याचा विकार आहे. उपचाराविना तो जीव घेऊ शकतो. रुग्णालयात शामक औषधे हळूहळू उतरवत देतात, थायामिनची सुई देतात, आणि बहुतेक जण काही दिवसांत सावरतात.

यास्तव प्रतिज्ञा देणाऱ्या महंतांनी व भिक्षुकांनी आधी विचारावे: किती वर्षे? रोज काय? सकाळी उठल्याबरोबर लागते काय? पूर्वी सोडताना झटका आला होता काय? उत्तर होकारार्थी असेल तर प्रथम त्याला गोंदियाच्या शासकीय रुग्णालयात पाठवावे. तेथील वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून चालू आहे. सोबत घरचे कोणी एक आणि नामस्मरण करणारा एखादा गुरुबंधू असावा. नुसती चरबी साचलेले यकृत मद्य सोडल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होऊ लागते. गाठाळलेले तसे होत नाही, तरी त्याचा पुढचा ऱ्हास बव्हंशी थांबतो. स्मृती मात्र काहींची परतते, काहींची परतत नाही. कोणाची परतेल, हे आधी सांगता येत नाही.