माशांना टाकलेलं बिस्कीट

आजचं चिंतन गीतेच्या १७व्या अध्यायातल्या दानावरच्या श्लोकांचं. परतफेडीची आशा न ठेवता, देश-काळ-पात्र पाहून दिलेलं दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेलं राजस.

आता मालवणला चला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, खडकांच्या आडोशाला स्नॉर्कलिंगची होडी थांबते. गाईड मास्क बांधून देतो, आपण तोंड पाण्यात घालतो आणि कुणीतरी बिस्कीट कुस्करून सोडतं. क्षणात पट्ट्यापट्ट्यांचे मासे भोवती! भूतदया, असं आपण म्हणतो. पण खरं सांगा, कॅमेरा नसता तर सोडलं असतं का?

आणि पात्र तरी योग्य आहे का? प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी. तिथलं शेवाळ खाऊन काही मासे त्याला मोकळं ठेवतात. त्यांचं पोट मैद्याने भरलं, तर ते काम कोण करणार?

गाईडला दोष देववत नाही. मासे दिसले नाहीत की गिऱ्हाईक कुरकुरतं, आणि पोट त्यालाही आहे. म्हणून होडीत बसतानाच आपण सांगायचं, "दादा, काही टाकू नका, दिसेल ते बघू." मग हातपाय न झाडता नुसतं तरंगायचं. कधी पाणी गढूळ असतं, फारसं काही दिसत नाही. पैसे तेवढेच द्यायचे, हसून.