सांगून विकणे, पाहून घेणे

वापरलेल्या वस्तूचा दोष विकणाऱ्याने सांगायचा की घेणाऱ्याने शोधून काढायचा, हा नीतिशास्त्रातला फार जुना वाद आहे. कोऱ्या वस्तूच्या बाबतीत तो सहसा चिघळत नाही. लांबच्या प्रवासाला वापरलेली, लाखाच्या घरात किलोमीटर पळालेली मोटारसायकल घ्यायची म्हटले की मात्र तो उघड्यावर येतो. अशा गाडीत दोष असणारच, हे दोन्ही पक्षांना मान्य असते. तो कुठे आहे, किती खोल आहे आणि कोणाला ठाऊक आहे, एवढेच ठरायचे राहते.

बीदर जिल्ह्यातले राजेश्वर हे गाव या व्यवहाराच्या वाटेवरच वसले आहे. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर, हुमनाबाद आणि उमरगा यांच्या मधे ते लागते. एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला तेलंगण. त्यामुळे इथल्या माणसाला जुनी बुलेट, हिमालयन किंवा डॉमिनार बघायची झाली, तर ती सोलापूरची असू शकते, लातूरची, कलबुर्गीची किंवा हैदराबादची. आणि सौदा मराठीत सुरू होऊन कन्नडमधून दखनीत कधी गेला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. योगायोग असा की खरेदी-विक्रीतल्या दोषांचा बारकाईने विचार करणारा एक मोठा ग्रंथ याच तालुक्यात लिहिला गेला. राजेश्वर बसवकल्याण तालुक्यात येते, आणि बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातल्या मरतूर गावाशी त्याचे नाव जोडले जाते. मिताक्षरा वारसाहक्कासाठी गाजली. तिच्यातला खरेदी-विक्रीचा भाग त्या मानाने कमी वाचला जातो.

याज्ञवल्क्याने घेतलेली वस्तू पारखण्यासाठी मुदती घालून दिल्या आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. (त्याच यादीत दास आणि दासींनाही मुदत आहे, त्या नीतीची कुंपणे कुठवर होती, हेही तिथेच दिसते.) या मुदतींमागचा विचार साधा आहे. ज्या वस्तूचा दोष जितक्या वेळात उघडा पडतो, तितका वेळ घेणाऱ्याला मिळाला पाहिजे. लोखंड लगेच कळते, बियाणे उगवल्याशिवाय कळत नाही. बैलाला पाच दिवस जुंपल्यावर त्याची खोड लपत नाही. देवणी बैल घेणारा शेतकरी आजही नुसते दात आणि खूर बघून पैसे मोजत नाही, चालवून बघतो.

नारदस्मृती घेणाऱ्यावर जास्त भार टाकते. आधी स्वतः गुणदोष पारखावेत. पारखून पसंत केलेला माल विकणाऱ्याकडे परत जात नाही. पश्चात्ताप झालाच तर त्याच दिवशी माल जसाच्या तसा परत करावा. दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि पुढे वस्तू घेणाऱ्याच्याच गळ्यात. जुन्या मालाबद्दल तर नारद आणखी कडक आहे. वापरून मळलेले, विटलेले वस्त्र सदोष असले तरी परत करता येत नाही. वस्त्राच्या घसाऱ्याचे कोष्टकही त्याने दिले आहे. पहिल्या धुण्यात आठवा भाग जातो, दुसऱ्यात चौथा, तिसऱ्यात तिसरा, चौथ्यात निम्मी किंमत उतरते. आणि पार जीर्ण झालेल्याला नियमच नाही. नव्वद हजार किलोमीटरच्या गाडीची किंमत ठरवायला बसलेल्या कोणालाही हे शेवटचे वाक्य पटेल.

मग पारखायचे काय? पहिला गैरसमज किलोमीटरच्या आकड्याबद्दलचा. जास्त किलोमीटर हा दोष नव्हे, ते वय आहे. इंजिनाची झीज थंड अवस्थेत, तेल सगळीकडे पोचण्याआधी, सर्वांत जास्त होते. रोज दोन किलोमीटर बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीचे इंजिन धड तापतच नाही, आणि तेलात साचलेली वाफ व आम्ल उडून जात नाही. महामार्गावर एकसारख्या वेगाने धावलेले हजारो किलोमीटर त्या मानाने सौम्य असतात. बिलांसकट नव्वद हजार पळालेली गाडी आणि तीन वर्षे अंगणात उभी राहिलेली वीस हजारांची गाडी यांत पहिली घेणेच बहुधा शहाणपणाचे. दुसरीच्या टाकीत गंज धरलेला असतो, ब्रेकची रबरे कडक झालेली असतात, टायर आकसलेले असतात.

दोष आहे तो आकड्याबद्दलच्या खोटेपणात. मीटर मागे फिरवता येते, इलेक्ट्रॉनिक असले तरीही. मीटर खोटे बोलले तरी बाकीची गाडी बोलत नाही. तीस हजार दाखवणाऱ्या गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्कवरून नख फिरवावे. काठाला उभी कड लागली तर ती डिस्क बरीच खाल्ली गेलेली आहे. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. ब्रेकच्या पायपट्टीवरची जाळी गुळगुळीत झाली आहे का, फूटरेस्टचे रबर एका बाजूने झिजले आहे का, स्विचांवरची अक्षरे पुसली आहेत का, हेही बघावे. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ची, मीटर पंचेचाळीस हजारांचे आणि दोन्ही टायर म्हणे मूळचेच, हा हिशेब जुळत नाही. खरा पुरावा सर्व्हिसच्या बिलांत असतो, कारण त्यांवर तारखेशेजारी किलोमीटर लिहिलेले असतात.

इंजिन थंड असतानाच बघायचे असते. 'आम्ही येण्याआधी सुरू करू नका' असे आधी कळवावे आणि पोचल्याबरोबर केसिंगला हाताची पाठ लावावी. ते कोमट लागले, तर सकाळी कोणीतरी काहीतरी लपवले आहे, निदान तशी शंका घ्यायला जागा आहे. सुरू होताना टायमिंग चेनचा खडखडाट क्षणभर येऊन थांबला तर तेल पोचायची ती वेळ होती. येतच राहिला तर चेन किंवा तिचा ताणणारा भाग संपला. सुरुवातीलाच निळा धूर येऊन विरला तर व्हॉल्व्हची सील, आणि रेस दिल्यावर निळा धूर येत राहिला तर बोर-पिस्टनचे काम. थंडीतली पांढरी वाफ पाण्याची असते, तिला घाबरू नये. चढावर वरच्या गिअरमध्ये एकदम रेस द्यावी. आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लचप्लेटा गेल्या.

प्रवासाच्या गाडीची खास झीज मात्र इंजिनात नसते. ती ओझ्याने होते. पुढचे चाक अधांतरी करून हँडल अगदी हळू दोन्हीकडे फिरवावे. मधोमध ते खाचेत बसल्यासारखे अडले, तर कोन सेट बदलायचा आहे. फोर्कचा खालचा भाग धरून पुढे-मागे हलवल्यावर ठकठक जाणवली तरी तेच. शॉकअपच्या चकचकीत पायपावरची धूळ पांढऱ्या फडक्याने पुसावी, पुढचा ब्रेक दाबून तीन-चारदा जोर द्यावा आणि परत बघावे. तेलाचे कडे उमटले की सील गेलेली असते, आणि पायपावर गंजाचे खड्डे असतील तर नवी सीलही टिकणार नाही. मागे, सीटखालच्या चौकटीवर वर्षानुवर्षे पेट्या लादलेल्या असतात. तिथल्या वेल्डिंगवर टॉर्च मारावा. एवढ्या जुन्या गाडीत तेवढाच तुकडा नव्या रंगाचा दिसला तर रंगाखाली काय आहे, ते विचारावे. स्विंग आर्म आडवा हलवून बघावा. जादा दिवे आणि चार्जर यांसाठी तोडून जोडलेल्या वायरी शोधाव्यात. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलेला.

इतके सगळे केल्यावरही काही उरतेच. क्रँकच्या बेअरिंगची नुकती सुरू झालेली झीज, पुराच्या पाण्यात एक रात्र काढलेली वायरिंग, इंजिन कधी खोलले होते का आणि का खोलले होते, हे ना नखाला कळते ना फडक्याला. वाद खरा इथून पुढे सुरू होतो.

सिसेरोने 'दे ओफिसिस'च्या तिसऱ्या भागात दोन स्टोइक तत्त्वज्ञांचे मतभेद नोंदवले आहेत. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो, आणि मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे का? बॅबिलोनच्या डायोजिनीसचे म्हणणे, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. कायदा जेवढे सांगायला लावतो तेवढे सांगावे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला ठाऊक असायला हवे ते सगळे सांगितले पाहिजे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उतरतो. इस्लामी परंपरेत याच धर्तीची एक हदीस प्रसिद्ध आहे. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर प्रेषितांच्या बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विकणारा म्हणाला; त्यावर भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, लपलेला दोष निघाल्यास सौदा मोडण्याचा घेणाऱ्याचा हक्क मान्य आहे.

मिताक्षरेच्या परंपरेतही पारखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकून विकणाऱ्याला मोकळे सोडलेले नाही. दोष असलेली वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्याला याज्ञवल्क्य किमतीच्या दुप्पट दंड सांगतो. आणि विज्ञानेश्वरानंतरच्याच शतकात कल्याणात बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांनी प्रश्न दंडापलीकडे नेला. कायक म्हणजे श्रम, आणि श्रमातून आलेले धन शुद्ध असले पाहिजे, ही त्यांची भूमिका. सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करणारा आयदक्की मारय्या एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते परत टाकून यायला लावले, अशी कथा आहे. या कसोटीला लावले, तर दोष लपवून मिळवलेले वरचे पाच-दहा हजार घेणारा तक्रार करो न करो, शुद्ध ठरत नाहीत. विकणाऱ्याच्या बाजूने इतका सरळ विचार दुसरीकडे क्वचितच सापडतो.

आजचा कायदा डायोजिनीसच्या जवळ उभा आहे, पण त्यात एक खिडकी आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७ नुसत्या मौनाला फसवणूक मानत नाही. त्याखालची बहुतेक उदाहरणे घोड्याची आहेत. लिलावात दुखणाईत घोडा विकताना मालक गप्प बसला, तर ती फसवणूक नाही. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे भाग आहे. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असे मी धरतो', तर तिथले मौन बोलण्यासारखेच. म्हणून 'गाडी ठोकलेली नाही, इंजिन खोललेले नाही असे धरून चालू ना?' हा प्रश्न औपचारिक नव्हे. त्या प्रश्नामुळे गप्प बसण्याचा अर्थ बदलतो. उलट, साध्या चौकशीने खरे कळण्याजोगे होते, तर कलम १९ प्रमाणे केवळ मौनावर बोट ठेवून करार मोडता येत नाही. १९३०चा मालविक्री कायदाही व्यापाऱ्याकडून वर्णनावर घेतलेल्या मालाला दर्जाची हमी देतो, पण तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाला नाही. नारदाने दिलेला कौल आणि हा कायदा फारसे लांब नाहीत. दिसणाऱ्या दोषाचे ओझे घेणाऱ्यावर, न दिसणाऱ्याचे विकणाऱ्यावर. आणि जो जितके नीट बघतो व विचारतो, तो ही सीमा तितकी आपल्या सोयीची आखून घेतो.

शेवटचा प्रश्न वस्तू कोणती आणि कोणाची, हा. 'मिलिंदप्रश्न' या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे आस, चाके की जू? एकही भाग रथ नव्हे. लाख किलोमीटरच्या गाडीत टायर, चेन, पिस्टन, शॉकअप बदललेले असतात, तरी ती तीच गाडी कशी? मोटार वाहन कायद्याचे उत्तर कोरडे आहे: चॅसिसवर ठोकलेला क्रमांक. तो आणि इंजिनाचा क्रमांक आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. भोवती घासल्याची खूण दिसली तर सौदा तिथेच थांबवावा. मालक नसलेल्याने विकलेल्या वस्तूबद्दल याज्ञवल्क्य घेणाऱ्यालाही सोडत नाही. हलक्या माणसाकडून, एकांतात, फार स्वस्तात किंवा अवेळी घेणारा चोरासारखाच.

सीमेवरच्या गावात कागदांचे काम दुप्पट होते. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यातला घेणारा असेल तर ४५ दिवसांत मालकीबदल कळवायचा असतो. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म, परराज्यासाठी २८ क्रमांकाच्या फॉर्मवरची एनओसी, कर्ज असेल तर ३५ क्रमांकाचा फॉर्म. उमरग्याहून आणलेली गाडी कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची, तर नवा नंबर आणि कर्नाटकचा जीवनकर आलाच, म्हणून पलीकडची स्वस्त गाडी अलीकडे येईपर्यंत स्वस्त राहतेच असे नाही. नुसती विक्री झाली म्हणून जुना मालकही सुटत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अनेक हात बदललेल्या गाडीच्या अपघातातही नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, असे ठरवले. तेव्हा इसाराच्या वेळीच ताबापावती करावी आणि तिच्यावर तारीख, वेळ, चॅसिस क्रमांक, मीटरचा आकडा आणि विकणाऱ्याने तोंडी सांगितलेले दोष, सगळे दोघांच्या सह्यांवर लिहून घ्यावे.