फसवणूक आणि उपसा

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. पुरुषांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या घाटांतून गेली आणि लगेच सुज्ञ मंडळींनी मान हलवायला सुरुवात केली : शर्यत आली, आता मागोमाग ते औषधांचं प्रकरणही येईल. जणू उत्तेजकं सायकलच्या पेटीतून परदेशातून उतरतात! 2024 मध्ये भारतीय खेळाडूंचे 7,113 नमुने तपासले गेले, त्यांतले 260 सदोष निघाले. दुसऱ्या कुठल्याही देशाचे इतके निघाले नाहीत. पाहुणा यायच्या आधीच घरात ढेकूण होते.

पण माझं भांडण या मंडळींशी नाही. आजीवन बंदी घाला म्हणणाऱ्यांशीही नाही. शिक्षा वाढवली की गुन्हा थांबतो, ही समजूत आपल्याकडे प्रत्येक विषयात निघते. माझं भांडण आहे ते एका वरवर शहाण्या वाक्याशी. उत्तेजकांपायी सात विजेतेपदं गमावलेल्या सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा विषय निघाला की चार पुस्तकं वाचलेला कुणीतरी खांदे उडवून म्हणतो, "अहो, तेव्हा सगळेच घेत होते. म्हणजे शर्यत बरोबरीचीच झाली की."

आम्हा माणदेशातल्या माणसांना या वाक्याची चव ओळखीची आहे. शिवारात बोअरची गाडी येते तेव्हा हेच ऐकू येतं. सगळेच बोअर मारतात, मग मीच का थांबू? एकानं तीनशे फूट मारली की दुसरा पाचशे मारतो. ज्याच्याकडे पैसा तो सातशेला जातो. कायद्याच्या लेखी 60 मीटरच्या पुढे ती 'खोल विहीर' ठरते आणि बंधनं लागू होतात, पण गाडी रात्रीची येते. 'सगळे मारतात' हे खरं धरलं, तरी सगळ्यांना सारखं पाणी लागतं का? आणि ज्यानं मारलीच नाही, त्याच्या आजोबांनी खणलेल्या चाळीस फुटी विहिरीचं काय होतं?

सायकलींचंही असंच झालं. ईपीओ या उत्तेजकानं रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. ते थेट पकडणारी चाचणी तेव्हा नव्हती, म्हणून 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं हद्द घातली : तांबड्या पेशींचं प्रमाण 50 टक्क्यांच्या वर गेलं तर शर्यतीतून बाहेर. आता हिशेब मांडा. ज्याचं रक्त जन्मतःच 48 टक्क्यांचं आहे, त्याला औषधानं फार तर दोन टक्के मिळणार. ज्याचं 40 आहे, त्याला दहा. म्हणजे निसर्गानं ज्याला जास्त दिलं त्याचाच तोटा, आणि ज्याच्याकडे पन्नासच्या काठावर नेऊन थांबवणारा हुशार डॉक्टर त्याचा फायदा. ही बरोबरी कसली? ही तर वेगळीच शर्यत झाली. त्यात रस्ता तोच राहिला, पण पारख पायांची व्हायची ती डॉक्टरची झाली.

'सगळेच' हा शब्दही खोटा आहे. अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेनं 2012 मध्ये मांडलेला हिशेब असा : 1999 ते 2005 या, आर्मस्ट्राँगनं जिंकलेल्या सात टूर द फ्रान्स शर्यतींमधल्या पहिल्या तीन क्रमांकांच्या एकवीस जागांपैकी वीस जागांवरच्या माणसांची नावं कबुलीत, शिक्षेत, चौकशीत किंवा ती 50 टक्क्यांची हद्द ओलांडणाऱ्यांत आली. उरला एक, 1999 चा तिसरा, स्पेनचा फर्नांडो एस्कार्टिन. 'सगळेच' म्हणणाऱ्यांना हा आकडा आपल्या बाजूचा वाटतो. मला उलट वाटतो. हे वीस वर दिसतात, कारण न घेणारे तिथपर्यंत पोचलेच नाहीत. कोरड्या विहिरी मोजायच्या सोडून पाणी असलेल्या मोजल्या, तर गावात दुष्काळ नाही असंच निघणार.

त्यातली एक कोरडी विहीर नावानिशी सांगता येते. क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच सायकलपटू. 1998 च्या उत्तेजकांच्या प्रकरणात त्याचा अख्खा फेस्तिना संघ सापडला, तेव्हा सहकाऱ्यांनीच सांगितलं की हा घेत नव्हता. पुढच्या वर्षी तो वर्तमानपत्रात या विषयावर लिहू लागला, तर भर शर्यतीत आर्मस्ट्राँगनं त्याला घरी जा म्हणून सुनावलं. दोन-तीन दिवसांत तो खरंच गेला.

इथे मला जो भेद करायचा आहे तो फसवणूक आणि उपसा यांचा. आपली सगळी चर्चा फसवणुकीची असते : प्रेक्षकांना फसवलं, चाहत्यांना फसवलं. फसवणुकीवर कबुलीचा उतारा चालतो. टीव्हीवर बसून डोळे ओले केले की अर्धं काम होतं. उपशाचं तसं नाही. त्यात शेजाऱ्याची पातळी खाली जाते आणि ती माफी मागून वर येत नाही.

आमच्या माणमधल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. माणच्या मुरमाड रानातून तिथवर जाणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. त्या फेरीत सुवर्ण जिंकलेली बहरीनची रूथ जेबेट पुढे डिसेंबर 2017 च्या नमुन्यात ईपीओसाठी दोषी ठरली. रिओचं सुवर्ण तिच्याकडेच राहिलं, आणि नियमानं ते योग्यच आहे. त्या दिवसाबद्दल काही सिद्ध झालेलं नाही, मीही सुचवत नाही. पण बातमी आली तेव्हा पारावर कुणी जेबेटला शिव्या घातल्या नाहीत. ललिताच्या पुढे होत्या त्या नऊजणींची यादी पुन्हा वाचली गेली, इतकंच. हा संशयही उपशाचाच भाग आहे. न घेणाऱ्यांवरचा विश्वासही त्याच झऱ्यातून येतो.

आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं काढली, पण कुणाला दिली नाहीत. यादीत त्या सात ओळी मोकळ्या आहेत. द्यायची कुणाला, हा प्रश्नच होता. पैशाचा निकाल मात्र लागला. त्याच्या संघाची प्रायोजक अमेरिकी टपाल सेवा, म्हणजे फसवला गेलेला पक्ष सरकार. 2018 मध्ये त्यानं सरकारशी 50 लाख डॉलरवर तडजोड केली. त्यातला वाटा खबर देणाऱ्या फ्लॉइड लँडिसला मिळाला. 2006 ची टूर जिंकून उत्तेजकांपायीच गमावलेला तोच लँडिस. बासों त्या दाव्यात कुठल्याच बाजूला नव्हता.