चोरीचा माल, ओळखीचा दुकानदार आणि आपली साक्ष



गेल्या हिवाळ्यात जुमाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीतच थांबून राहिला. लोक पांगल्यावर जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मौलानासाहेब, मी मामूंच्या भंगारच्या दुकानात वजनकाट्यावर बसतो. रात्री उशिरा काही पोरे जळालेली तांब्याची तार आणतात. मामू नाव विचारत नाहीत, वहीत लिहीत नाहीत, निम्म्या भावात घेतात. सांगितले तर नाते तुटते. गप्प राहिलो तर नमाजमध्ये मन लागत नाही. मी काय करू?"

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शेतातील विहिरीवरून मोटार किंवा केबल चोरीला जाते आणि ऐन रब्बीत हरभऱ्याचे पाणी चुकते. चोराला तांबे नको असते, पैसा हवा असतो. तो पैसा त्याला कोणीतरी मोजून देतो. घेणारा हात नसेल तर चोरणारा हात किती दिवस चालेल?

तरीही घाई नको. जळालेली तार मोटार वायंडिंग करणाऱ्याकडूनही प्रामाणिकपणे येते. भंगाराचा धंदा हलाल आहे, उपयोगाचा आहे आणि आपल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर पवित्र कुरआनातच शोधू या.

सूरह अन्-निसाच्या 105 ते 113 या आयतींच्या पार्श्वभूमीविषयी तफसीरच्या ग्रंथांत एक प्रसंग आला आहे. मदीनेत तुअमा बिन उबैरिक नावाच्या माणसाने शेजाऱ्याचे चिलखत चोरले. ते पिठाच्या पोत्यात होते आणि पोत्याला छिद्र होते. पीठ वाटभर सांडत गेले. तुअमाने ते चिलखत जैद बिन समीन या यहुदी गृहस्थाकडे ठेवायला दिले. शोध घेणारे पिठाच्या मागावर त्या घरी पोहोचले आणि माल तिथेच सापडला. जैद म्हणाला, हे मला तुअमाने दिले आहे. तुअमाच्या कबिल्याचे लोक मात्र प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले आणि आपल्या माणसाची बाजू घ्यावी म्हणून आग्रह करू लागले. त्यांना कबिल्याच्या अब्रूची चिंता होती. तेव्हा आयती अवतरल्या. विश्वासघात करणाऱ्यांची वकिली करण्यास मनाई झाली, यहुदी गृहस्थ निर्दोष ठरला आणि कबिल्याला विचारले गेले की या जगात तुम्ही त्यांच्या बाजूने भांडलात, कयामतच्या दिवशी कोण भांडणार?

वाचकहो, या एका प्रसंगात आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. ज्याच्या घरात माल सापडला तो चोर नव्हता. म्हणून केवळ माल पाहून कोणाला दोषी ठरवू नये. आणि ज्याला वाचवण्यासाठी आपली माणसे धावली, तोच दोषी होता. म्हणून केवळ आपला आहे म्हणून कोणाला झाकू नये.

काही जण म्हणतात, "आधीच आपल्या लोकांकडे बोट दाखवले जाते, त्यात आपणच कशाला भर घालायची?" हे दुःख खरे आहे. परंतु तुअमाच्या कबिल्याचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते. सूरह अन्-निसाच्या 135 व्या आयतीत स्वतःच्या, आई-वडिलांच्या आणि नातलगांच्या विरोधात जात असली तरी न्यायाची साक्ष देण्याचा आदेश आहे. समाजाची अब्रू एका दुकानाच्या पापावर पांघरूण घालून राखली जात नाही. उलट त्या पांघरुणाखाली दहा प्रामाणिक दुकानेही संशयात येतात.

"मुस्लिमाचे दोष झाकावेत" ही शिकवण काही जण पुढे करतात. ती स्वतःपुरत्या चुकीसाठी आहे. जिथे दुसऱ्याचा हक्क बुडतो आहे, तिथे झाकणे म्हणजे जुलमात भागीदारी. इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबत न ठरणारे सहा प्रसंग दिले आहेत. जुलमाची दाद मागणे आणि वाईट रोखण्यासाठी मदत मागणे हे त्यांपैकीच आहेत.

देशाचा कायदाही इथे शरीयतच्या शिकवणीजवळ येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, अप्रामाणिकपणे तो घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाच नेहमीचा धंदा असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. दुसरीकडे, कोणाला त्रास व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटी खबर देणे हाही कलम 217 प्रमाणे गुन्हा आहे.

त्या तरुणाला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. पहिले, डोळ्यांनी पाहिलेले आणि मनात आलेले वेगळे करा. सूरह अल्-हुजुरातमध्ये अति संशय व पाळत यांना मनाई आहे. दुसरे, मामूंशी एकांतात, अदबीने बोला. जालिम भावाला जुलमापासून रोखणे हीच त्याची मदत, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. तिसरे, ते थांबले नाहीत तर पोलीस ठाण्यात जा आणि पाहिले तेवढेच सांगा: कोणत्या रात्री, काय, किती. 'चोर' हा शब्द तुमचा नाही, तो निवाडा न्यायालयाचा. चौथे, ही गोष्ट चहाच्या टपरीवर किंवा व्हॉट्सअॅपवर नेऊ नका. तिथे ती साक्ष राहत नाही, बदनामी होते.

दुकानदार बंधूंनो, जैद यांच्याकडे एक उत्तर होते: माल कोणी दिला. ते उत्तर तुमच्या वहीत असू द्या. विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र, तारीख, वजन लिहा. जुना मोबाइल घेताना *#06# दाबून 15 अंकी आयएमईआय क्रमांक पाहा आणि सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासा. शंका असेल तर सोडून द्या. चोरीचा माल पैसे मोजल्याने आपला होत नाही, मूळ मालकाचा हक्क त्यावर राहतोच.

पंधरा दिवसांनी तो तरुण पुन्हा भेटला. मामू आठवडाभर बोलले नाहीत, असे तो म्हणाला. मग एका सकाळी त्यांनी काट्याजवळ कोरी वही ठेवली आणि पेन त्याच्याच हातात दिला.

प्रत्येक मामू असे ऐकतील असे नाही. तेव्हा पाऊल जड होईल, तरी ते उचलावे लागेल. अल्लाह आपली कमाई पाक ठेवो, आपली साक्ष खरी ठेवो आणि निरपराधाला आपल्या जिभेपासून सुरक्षित ठेवो. आमीन.