कौलाची कसोटी

वचनाची परीक्षा संकटांत होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. हरिश्चंद्राची कथा आपण लहानपणापासून याच समजुतीनें ऐकत आलों: राज्य गेलें, स्त्रीपुत्र विकावे लागले, तरी शब्द राहिला. परंतु वचनाची आणखी एक परीक्षा आहे, आणि ती मनुष्य बलवान् झाल्यावर होते. वचन न पाळलें तरी आपलें कांहीं बिघडणार नाहीं अशी खात्री झाल्यावरही तें पाळावें कां, हा तो प्रश्न होय. सातव्या शतकांतील दमास्कसच्या वेढ्याच्या हकीकतींत तो फार स्पष्टपणें उभा राहिलेला दिसतो.

इराणशीं सुमारें पंचवीस वर्षें चाललेलें युद्ध इ. स. ६२८ मध्यें संपलें, तेव्हां बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्य पार थकून गेलें होतें. पुढें सहासात वर्षांतच, ६३४-३५ च्या सुमारास, अरब सैन्यानें सीरियांतील दमास्कस शहरास वेढा घातला. नवव्या शतकांतील इतिहासकार अल्-बलाधुरी सांगतो तें असें. शहराच्या पूर्व दरवाजापाशीं खालिद इब्न वलीद याचा तळ होता. पश्चिमेकडील जाबिया दरवाजावर अबू उबैदा होता. शहराच्या बिशपानें तटावरून खालिदाशीं बोलणें लावलें व त्याच्याकडून अभयपत्र लिहून घेतलें. लोकांचे जीव, त्यांची मालमत्ता व त्यांचीं चर्चें सुरक्षित राहावीं, आणि त्यांनीं जिझिया कर द्यावा, असा त्याचा मतलब होता. खालिद पूर्वेकडून आंत शिरला, आणि अबू उबैदा पश्चिमेकडून लढत, दरवाजा बळानें घेऊन आंत आला. दोघांची गांठ शहराच्या मध्यावर, तांबटांच्या पेठेंत पडली.

आतां शहर तहानें मिळालें कीं तलवारीनें? हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. तलवारीनें मिळालें असें ठरतें, तर शहरवासीयांस आपल्या मालमत्तेवर व चर्चांवर हक्कानें बोट ठेवतां आलें नसतें. पश्चिमेकडील शिपायांनीं रक्त सांडलें होतें. त्यांस लुटीची आशा असणें स्वाभाविक होतें. शिवाय एक सबळ आक्षेपही हातीं होता. मुख्य सेनापति आतां खालिद नसून अबू उबैदा होता. मग ज्याला अधिकार नाहीं त्याचा तह सर्वांस कसा बांधील? आपल्या आजच्या वकिलासही सुचावा असाच हा मुद्दा होता. बलाधुरीच्या कथनानुसार अबू उबैदानें तो मानला नाहीं. आपल्यांतील अगदीं सामान्य माणसानें दिलेलें अभयही सर्वांवर बंधनकारक आहे, असें सांगून त्यानें तो तह साऱ्या शहरास लागू केला.

या निर्णयाचें मर्म मला असें वाटतें. तटावरच्या बिशपास शत्रूच्या छावणींतील अधिकारांची उतरंड ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यानें एका माणसाच्या शब्दावर विश्वास टाकला, आणि त्या माणसाच्या मागें उभें असलेलें सैन्य पाहूनच टाकला. ज्या सामर्थ्याच्या धाकानें शब्द मोलाचा झाला, त्या सामर्थ्यानें मागाहून 'तो शब्द आमचा नव्हे' म्हणणें हा अप्रामाणिकपणा होय. संशयाचा फायदा दुर्बळास मिळावा, याचें कारण दया नसून न्याय आहे.

यावर कोणी म्हणेल, हें सारें धोरण होतें. एका शहरास दिलेला शब्द पाळला तर दुसरें शहर आपण होऊन दरवाजे उघडतें. कोणी असेंही म्हणेल कीं, ही कथाच मागाहून कराच्या वादासाठीं रचलेली असावी. अर्वाचीन इतिहासकारांनीं तशी शंका घेतलेली आहे, आणि इतर कांहीं परंपरांत दोन्ही सेनापतींच्या भूमिकांची अदलाबदलही आढळते. दोन्ही आक्षेप विचारार्ह आहेत. शिवाय ज्यानें वेढा घातला त्यानेंच अभय दिलें, आणि त्याची किंमत पराधीनता ही होती, हेंही विसरतां येत नाहीं. परंतु केवळ धोरण वचनास किती काळ सांभाळूं शकतें, याचें उत्तर पुढील इतिहासच देतो.

बलाधुरीच सांगतो कीं, ६३६ सालीं यार्मुकच्या लढाईपूर्वीं अरबांनीं हिम्स शहरांतील लोकांचा घेतलेला कर परत केला. आतां आम्हांस तुमचें रक्षण करतां येत नाहीं, असें कारण त्यांनीं दिलें. म्हणजे संकटांत शब्द टिकला. पुढें साम्राज्य विस्तारलें आणि दमास्कस त्याची राजधानी झाली. तेथील सेंट जॉनचें चर्च मशिदीसाठीं मिळावें अशी इच्छा मुआविया व अब्दुल मलिक या दोघांसही झाली. ख्रिस्ती लोकांनीं नकार दिला, आणि दोघेही थांबले. वलीद (कारकीर्द ७०५–७१५) मात्र थांबला नाहीं. त्यानें चर्च पाडून त्या जागीं ती सुप्रसिद्ध मशीद बांधली. त्या वेळीं त्याला कोणाची भीति नव्हती आणि कसलीही निकड नव्हती. शब्द मोडला तो ऐश्वर्यानें.

पुढें दुसरा उमर खलीफा झाला (७१७–७२०), तेव्हां ख्रिस्ती लोकांनीं त्याच्यापुढें गाऱ्हाणें मांडलें, आणि त्यानें जागा परत देण्याचा हुकूम केला. शहरांतील मुसलमानांस तें रुचलें नाहीं. अखेर तडजोड झाली: भोवतालच्या घूता प्रांतांतील बळानें घेतलेलीं चर्चें परत मिळावीं, व सेंट जॉनवरील दावा ख्रिस्ती लोकांनीं सोडावा. न्याय पुरता झाला असें म्हणवत नाहीं. परंतु सुमारें ऐशीं वर्षांपूर्वींच्या लेखाची आठवण दुर्बळांनीं ठेवली होती, आणि एका सत्ताधीशास ती नाकारतां आली नाहीं, हेंही थोडें नव्हे.

आपल्या भाषेंतील 'कौल' हा शब्द मूळ अरबीच. त्याचा अर्थ 'बोल'. उजाड गांवीं पुनः वसाहत व्हावी म्हणून रयतेस दिलेल्या अभयासही आपण कौलच म्हणत आलों. असे कौल राजांनींच द्यावे लागतात असें नाहीं. वडिलांनीं तोंडी कबूल केलेलें ऋण, थोरल्या भावानें कुटुंबाच्या वतीनें विधवा बहिणीस दिलेला शब्द, हेही कौलच आहेत. गरिबींत आपण ते बहुधा पाळतों, कारण त्या वेळीं आपल्यालाही दुसऱ्यांच्या शब्दाचा आधार लागतो. घरांत पैसा आल्यावर, 'त्यांना तसा अधिकारच नव्हता' असें वाक्य जेव्हां आपल्या ओठांवर येतें, तेव्हां तांबटांच्या पेठेंतील तो प्रश्न आपल्याच घरांत उभा राहिलेला असतो.