धमनीच्या भिंतीची साक्ष

धाराशिव, लातूर, विजापूर, कलबुर्गी अशा आसपासच्या मुलखातून छातीवर हात ठेवून आलेल्या रुग्णाची सोलापूरच्या एखाद्या रुग्णालयात अँजिओग्राफी होते, आणि पडद्यावर रंगद्रव्याने भरलेली धमनी काळ्या रेघेसारखी उमटली, की नातेवाईक त्या रेघेलाच आजाराचा अखेरचा दाखला समजतात. वस्तुतः ती रेघ केवळ रक्ताच्या वाटेची असते. ज्या भिंतीत रोग वर्षानुवर्षे साचत आला, ती तिच्यात कोठेच नसते. सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ साली दाखवून दिले, की भिंतीत मेदाचा थर वाढू लागला म्हणजे धमनी बाहेरच्या अंगाने विस्तारते आणि सुमारे ४० टक्के जागा व्यापली जाईपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होऊ देत नाही. शरीराची ही दिलदारीच वैद्याला चकवते.

रॉटरडॅमच्या निकोलास बॉम यांनी १९७० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत हृदयात नेण्याजोग्या नळीच्या टोकावर ध्वनियंत्र बसवले, त्याचे महत्त्व येथे कळते; रंगद्रव्याने न दिसणारी भिंत ध्वनीने आतून पाहता येते. श्राव्यातीत ध्वनीची कंपनसंख्या जसजशी वाढवावी तसतसा तपशील सूक्ष्म होतो, पण ध्वनीची धाव आखूड होते. ४० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकी, आणि पोहोच अवघी काही मिलिमीटर. पोटावरून तपासताना असला ध्वनी निरुपयोगीच; परंतु दोनचार मिलिमीटर व्यासाच्या धमनीत भिंत इतकी निकट असते, की ही उणीव उणीव राहतच नाही.

अडचण आहे ती घडणीत. हा ध्वनी उमटवणारी पीझेडटी या मृत्तिकाद्रव्याची चकती ४० मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे ०.०५ मिलिमीटर जाड असावी लागते. इतकी घासली, की द्रव्याचे कणच कडेने ढासळू लागतात. मागे कंप शोषणारा थर, पुढे ध्वनीला ऊतीत शिरू देणारा पातळ थर, मग मीटरभराहून लांब तार, आणि मिनिटाला १८०० फेरे घेणारा दांडा, जो वळणावर किंचित अडखळला तरी चित्र वेडेवाकडे होते. सोलापूरच्या मागावर बारीक नंबरचे सूत चढवले, की फणीचा, ताणाचा, हवेतील कोरडेपणाचा प्रत्येक दोष कापडात उतरतो, तसेच हे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने धमनी उघडी ठेवणाऱ्या स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या, हे रास्तच झाले; परंतु त्या हुकुमाचा विषय स्टेंट होता. तो स्टेंट भिंतीला नीट टेकला की नाही हे पाहणारी ही ध्वनियंत्राची नळी बहुतांशी परदेशी कंपन्यांची, आणि एका रुग्णापुरतीच वापरायची. पीझेडटी आपल्याला अपरिचित आहे म्हणावे, तर पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत त्याचे स्वतंत्र केंद्र आहे. खोळंबा द्रव्यापाशी नसून त्या द्रव्याला केसाहून पातळ करणाऱ्या, चिकटवणाऱ्या, पारखणाऱ्या हातांपाशी आहे. म्हणून अशा कामासाठी खजिन्यातून रक्कम मंजूर व्हायचीच असेल, तर माझ्या मते ती इमारतीआधी सूक्ष्म घासणीच्या यंत्रांवर, आणि दहा वर्षे एकाच चकतीपाशी बसू शकणाऱ्या कारागिरांच्या पगारावर खर्ची पडावी.