अमानत आणि सुई

आमच्या वाईच्या घरात माळ्यावर एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात जुन्या साड्यांच्या घड्यांमध्ये उभ्या लावून ठेवलेल्या तेवीस तबकड्या आहेत. शेजारी चावीचा ग्रामोफोन. आमचे दादा, मरहूम, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ओव्हरटाइमच्या पैशातून त्यांनी एकेक करून या तबकड्या जमवल्या. त्यांची सर्वांत लाडकी तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटीतल्या ठुमरीची. ती इतकी वाजली आहे की उजेडात धरली तर बाकीच्या तबकड्यांसारखी काळीभोर चमकत नाही, राखाडी दिसते.

या तबकडीच्या निमित्ताने आम्हाला एक प्रश्न मांडायचा आहे. जी वस्तू वापरली की झिजते आणि नाही वापरली तर मुकी राहते, तिला जपणे म्हणजे नेमके काय करणे?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकात सापडलेला नाही. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीतून तो आला आहे.

दादा गेल्यावर ट्रंक आमच्याकडे आली. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. मुलांना वस्तू नीट ठेवायला सांगण्याची सवय आम्हालाही लागलेली. तबकड्यांची माहिती मिळावी म्हणून आम्ही पुण्याच्या एका संग्राहकाकडे गेलो. त्यांच्या खोलीत भिंतभर रेकॉर्ड आणि सीडी होत्या. कोणत्या देशात छापलेली प्रत अधिक स्वच्छ वाजते, कोणत्या सीडीवर तंबोऱ्याची तार वेगळी ऐकू येते, हे ते तास न् तास सांगू शकत. त्यांनी आमची तबकडी दिव्याखाली फिरवून पाहिली आणि म्हणाले, आता पोलादी सुई हिला लावू नका. आधी नीट मशीनवर हिची सीडी करून घ्या, तोवर हिला हात लावू नका.

सल्ला बरोबर होता. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, आणि पहिल्या काही फेऱ्यांत ती पूड सुईलाच घासून खाचेच्या मापाची करी. म्हणून तर दर बाजूला नवी सुई लावायची रीत होती. वरून साउंडबॉक्सचे वजन शंभर ग्रॅमहून अधिक. आजच्या चांगल्या यंत्रावर एलपी लावली तर सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे दादांनी ज्या प्रेमाने ती तबकडी लावली, त्याच प्रेमाने ती खरवडलीही. प्रत्येक ऐकण्यात आवाजाचा एक कण गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी दादी अंथरुणाला खिळल्या. एका संध्याकाळी मगरिबनंतर त्यांनी आम्हाला जवळ बोलावले. म्हणाल्या, "वो खाँसाबकी रेकार्ड एक बार लगाव ना. तेरे दादाकी."

आम्ही लावली नाही. आम्ही त्यांना सुईचे सगळे गणित समजावून सांगितले. सीडी करून आणतो, मग हवी तितक्या वेळा ऐका, असे म्हणालो. दादी म्हणाल्या, "हौ, ठीक है." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. शाळेच्या परीक्षा, मग जनगणनेची नव्हे तर मतदारयाद्यांची कामे, मग पावसाळा. पुण्याला जाणे लांबत गेले. दादी पावसाळा संपायच्या आत अल्लाहला प्यारी झाल्या. तबकडी होती तशी राहिली, एक कणही न झिजता.

तेव्हापासून 'अमानत' हा शब्द आम्हाला टोचतो. आम्ही समजत होतो की आम्ही अमानत सांभाळली. पण कुरआन शरीफच्या सूरह निसामध्ये अमानतीबद्दल जो हुकूम आहे तो ती हकदारांपर्यंत पोहोचवण्याचा आहे. हकदार समोर अंथरुणावर होत्या आणि आम्ही कुलूप लावून बसलो होतो.

आता कोणी म्हणेल, गाण्याची तबकडी ती काय, आणि तिच्यासाठी कुरआनचा हवाला कशाला? आपल्या समाजात गाण्याबद्दल दोन मते आहेत आणि ती आजची नाहीत. आम्ही मुफ्ती नाही. त्या वादाचा निकाल देणे आमचे काम नाही. पण इमाम गझालींनी 'इहया'मध्ये समाच्या अदबींवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्यांचे लक्ष वाद्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या दिलाकडे अधिक आहे. ऐकणे नवे काही घालत नाही, आत जे आहे ते हलवते, असा त्यांचा रोख. आणि हजरत जुनैद बगदादींच्या नावाने समाच्या तीन अटी सांगितल्या जातात: जमान, मकान आणि इख्वान. वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी, सोबत योग्य हवी.

या तीन अटी आम्ही पुष्कळदा वाचल्या होत्या. दादी गेल्यावर त्या पहिल्यांदा कळल्या. मगरिबनंतरची वेळ होती, दादांचे घर होते, सोबतीला ज्यांनी ती तबकडी दादांबरोबर ऐकली त्या दादी होत्या. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. आम्ही मात्र मनातल्या मनात चौथी घातली: यंत्र योग्य हवे.

चौथी अट निरर्थक आहे असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे संग्राहकांवर अन्याय होईल. दादींच्या इंतकालनंतर आम्ही खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून काढलेली एक सीडी विकत घेतली. सीडीत आवाज आकड्यांत मांडलेला असतो. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलेला. त्याला सुईचा स्पर्शच होत नाही, प्रकाशाचा किरण तो वाचतो. हजार वेळा ऐका, झीज नाही. दादांच्या ग्रामोफोनवर जी मींड आम्हाला कधी ऐकू आली नव्हती ती या सीडीवर ऐकू आली. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना खाँसाहेब मधल्या जागी क्षणभर रेंगाळतात, ती जागाही. कोणीतरी घासलेल्या तबकड्यांच्या ढिगातून बरी प्रत शोधली, धुतली, योग्य सुईने वाजवली, म्हणून हे आमच्यापर्यंत आले.

शिवाय ही माणसे एक इमानदारीही सांभाळतात. जुन्या काळी सगळ्या तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नसत. वेग साधारण सहा टक्के चुकला तर गाणे अर्ध्या स्वराने वर किंवा खाली सरकते. खरखर काढण्याच्या नादात फार पुसले तर आवाजाची धारही पुसली जाते. खाँसाहेबांच्या बाबतीत ही चूक दुप्पट मोठी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केले. ते आणि इंग्रज सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांच्या श्रुतींच्या अभ्यासात खाँसाहेबांच्या गळ्याची मोठी मदत झाली. ज्याच्या गळ्यावर श्रुती पारखल्या गेल्या, त्याला आपण चुकीच्या पट्टीत ऐकावे? नीट ऐकू येण्याचा आग्रह हाही एक प्रकारे हक अदा करणेच आहे.

मग चूक कुठे होते? आमच्या मते, साधन हेच हेतू झाले की होते. दुसऱ्या टोकाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. भीमसेन जोशी लहानपणी दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडे झाले आणि १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पुढे ते खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले. त्या दुकानातले यंत्र कसे असेल? बाजाराचा गलका, टांग्यांचा आवाज, गिऱ्हाइकांसाठी दिवसभर वाजून घासलेली तबकडी. ती प्रत कुठल्याच संग्राहकाने घेतली नसती. पण खाँसाहेबांचा आवाज जिथे पोहोचायचा होता तिथे तिने पोहोचवला. त्या दुकानदाराने ती मखमलीत गुंडाळून ठेवली असती तर?

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मिरजेला गेलो. वाईहून सातारा, कऱ्हाड, सांगली करत मिरज. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराना गावचे, पण मिरज हे त्यांचे घर झाले. ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात त्यांच्या स्मृतीत गायक-वादक येऊन हजेरी लावतात. आम्ही फातेहा पढलो आणि मग तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. मिरजेचे हे कारागीर शिकलगार घराण्यांतले. तलवारींना धार लावणारे हात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सतार-तंबोऱ्याकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

एका दुकानात एक वयस्कर चाचा तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा पृष्ठभाग कानसेने अगदी हळू घासून असा करायचा की तार छेडली की स्वर गुंजत राहावा. तारांनी वाजून वाजून घोडीला चरे पडतात, स्वर बसतो, मग जवारी पुन्हा काढावी लागते. आम्ही विचारले, वाद्य जपून ठेवले, वाजवलेच नाही, तर जवारी टिकेल ना? चाचा हसले. म्हणाले, "टिकेल की. पण मग तो तंबोरा कशाला, नुसता भोपळाच ठेवावा घरात."

त्या वाक्याने आमचे निम्मे काम झाले. जवारी झिजते ही कारागिराची तक्रार नाही, ती त्याची रोजी आहे. वाजवणे, झिजणे, पुन्हा घासून तयार करणे आणि पुढच्या हाताला देणे, हे सगळे मिळून जपणे होते.

आणखी एक उदाहरण आपल्या रोजच्या जगण्यातले. हाफिजच्या सीन्यातले कुरआन तबकडीच्या अगदी उलट वागते. तबकडी वापराने झिजते. हिफ्ज न वापरल्याने झिजते. दौर सोडला की आयती निसटू लागतात, म्हणून हाफिजसाहेब रोज पढतात आणि रमजानमध्ये तरावीहमध्ये जमातीला ऐकवतात. १९६१ साली इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचे ध्वनिमुद्रण झाले, तरी म्हणून कोणी हिफ्ज बंद केले नाही. यंत्रात ठेवलेला आवाज हा आधार आहे. सीन्यातून सीन्यात जाणाऱ्या आवाजाची जागा तो घेत नाही. घराण्याच्या गायकीचेही तसेच. किराना टिकले ते कपाटांमुळे थोडे आणि सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर, भीमसेन यांच्या गळ्यांमुळे फार.

आणि जे कुठेच भरले गेले नाही त्याचे काय? २७ ऑक्टोबर १९३७ रोजी खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत तब्येत बिघडली म्हणून सिंगपेरुमलकोइल या लहान स्टेशनावर उतरले. तिथे त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा लावायला सांगितला, दरबारीत अल्लाहचे नाव गायले आणि तिथेच प्राण सोडला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. त्या गाण्याची तबकडी नाही, सीडी नाही. फलाटावरच्या मोजक्या माणसांनी ते ऐकले. पण वेळ होती, जागा होती, सोबत होती. जुनैद बगदादींच्या तिन्ही अटी तिथे पुऱ्या झाल्या होत्या.

आम्ही आता एवढेच म्हणू शकतो: जपावे, पण देण्यासाठी जपावे. नक्कल जरूर करावी, चांगल्यात चांगली करावी आणि लवकर करावी. पण नक्कल होईपर्यंत हकदाराला ताटकळत ठेवू नये. वस्तू आणि माणूस यांपैकी एकाचीच झीज थांबवता येते, आणि ते माणूस नसते. हे आम्हाला गणितासारखे माहीत होते. त्या संध्याकाळी आठवले नाही.

दादींच्या बरसीला कुरआनखानी झाली, पाहुणे जेवून गेले, आणि संध्याकाळी घरचेच लोक उरले. आम्ही ट्रंक उतरवली. ग्रामोफोनला चावी दिली, नवी पोलादी सुई बसवली आणि ती राखाडी तबकडी लावली. आधी नुसती खरखर. आमच्या धाकट्या पुतण्याने विचारले, "आत कोण भजी तळतंय?" सगळे हसले. मग त्या खरखरीच्या मागून खाँसाहेबांचा आवाज आला, सीडीवर आहे त्याच्या पावपटही नाही. तीन मिनिटांत बाजू संपली. अब्बांनी डोळे पुसले आणि म्हणाले, पुन्हा लाव.

आम्ही सुई बदलली आणि पुन्हा लावली.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादी ट्रंक असेल. तबकड्या नसतील तर वालिदांची पत्रे असतील, कॅसेट असतील, नानींच्या हातची एखादी बयाज असेल. ती उघडायला सांगणारे कोणी घरात अजून असेल, तर यंत्राची वाट पाहू नका.